थाई मसाज खेळाडूला नेमकं काय देतो? भाताच्या शेतापासून बॉक्सिंगच्या रिंगणापर्यंत

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजची सुरुवात गोंगाटातून होणार आहे.

बँकॉकमधलं राजदमनर्न स्टेडियम. १९४५ साली सुरू झालेलं. मुए थाई, म्हणजे मुठी, कोपर, गुडघे आणि नडग्या वापरून खेळायचं थायलंडचं बॉक्सिंग, त्याची ही पंढरीच म्हणा ना. तीन मिनिटांची फेरी संपते. घंटा वाजते. लढणारा पोरगा आपल्या कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसतो. स्टुलाखाली पत्र्याची मोठी परात असते, कारण आता त्याच्या अंगावर पाणी ओतणार आणि रिंगण ओलं होऊन चालत नाही. कोपऱ्यातली माणसं त्याच्यावर तुटून पडतात. एक जण मांड्या आणि पोटऱ्या रगडतो. दुसरा खांदे आणि दंड चोळतो. कानाशी सूचना चालूच असतात. हातात फक्त दोन मिनिटं. मग पुन्हा घंटा, आणि पोरगा उठून उभा.

ही दोन मिनिटं मी व्हिडिओवर पहिल्यांदा पाहिली, तेव्हा लढतीपेक्षा त्या कोपऱ्याकडेच जास्त बघत राहिलो. कारण थोड्याच दिवसांपूर्वी मी स्वतः एका मसाज सेंटरमध्ये जाऊन आलो होतो. निमित्त होतं हाफ मॅरेथॉनचं. २१ किलोमीटर धावून झालं आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना सगळे देव आठवले. मित्र म्हणाला, थाई मसाज घे, मोकळा होशील. गेलो. काउंटरवर सांगितलं, "सर, स्नायूंमधलं सगळं लॅक्टिक ॲसिड निघून जाईल, तुमचं टायमिंगपण सुधारेल." पैसे भरले. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? झोप तर इतकी छान लागली की विचारू नका. पण टायमिंग? पुढच्या शर्यतीत मला आधीपेक्षा चार मिनिटं जास्तच लागली.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. हा मसाज खेळाडूला नेमकं काय देतो? आणि मुळात तो कुणासाठी, कशासाठी तयार झाला होता? आजच्या भागात हेच बघू. आधी इतिहास, मग विज्ञान, आणि शेवटी एक असा प्रश्न, ज्याचं उत्तर मालिश करणाऱ्याच्या हातात नसतं.

सुरुवात शेतातून

डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने 'नुआद थाई', म्हणजे पारंपरिक थाई मसाज, मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतला. त्या नोंदीत याचं मूळ कुठे दाखवलंय माहितीये? राजवाड्यात नाही, देवळातही नाही. जुन्या थाई शेतकरी समाजात. शेतात राबून अंग आखडलं की गावकरी ज्याच्याकडे जायचे, असा मालिश जाणणारा माणूस गावोगावी असायचा.

भाताची लावणी ज्याने केलीय त्याला हे वेगळं सांगायला नको. आपल्या कोकणात आणि मावळातही तेच. दिवसभर चिखलात कमरेतून वाकून उभं राहायचं, संध्याकाळी कंबर सरळ होत नाही, आणि सकाळी परत शेतात जायचंच असतं. शेत काही थांबत नाही.

आता हा मसाज करतात कसा, तेही सांगतो, कारण नाव एक आणि आपल्या डोळ्यांसमोर चित्र भलतंच असं बरेचदा होतं. यात तेल नसतं. कपडे काढायचे नसतात, उलट सैल, सुती कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर झोपायचं. मालिश करणारा अंगठे, तळवे, कोपर, गुडघे, प्रसंगी पाऊलसुद्धा वापरून दाब देतो. मग तुमचेच हातपाय धरून अंग ताणतो, वळवतो, मागे वाकवतो. तुम्ही नुसतं पडून राहायचं, आसनं तो तुमच्याकडून करून घेतो.

पाऊल वापरतात यावरून आठवलं. १६८७ साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा दूत म्हणून सिमों द ला लुबेर नावाचा माणूस सियामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेला. तिथे तो काही महिनेच होता, पण नजर बारीक. १६९१ मध्ये त्याचं सियामवरचं पुस्तक आलं, आणि त्यात तो सांगतो की इथे कुणी आजारी पडलं, की कुणीतरी जाणकार त्याचं सगळं अंग मऊ करतो, त्याच्या अंगावर चढून पायांनी तुडवतो. फ्रेंच साहेबाला नवल वाटलं असणार. आपल्याकडच्या, आजोबांच्या पाठीवर पाय देऊन लहानपणी खाऊसाठी पैसे कमावलेल्या पोरांना नवल वाटायचं कारण नाही!

नावं ओळखीची वाटतील

आता गंमत बघा. थाई मसाजच्या परंपरेत शरीरात 'सेन' नावाचे मार्ग मानतात. मुख्य दहा. त्यांतून 'लोम' वाहतो. लोम म्हणजे वारा, वायू. तो अडला की दुखणं. आणि पहिल्या तीन मार्गांची नावं? इथा, पिंखला, सुमना. हळू म्हणून बघा. इडा, पिंगला, सुषुम्ना! योगाच्या पुस्तकांतल्या नाड्यांची नावं थाई जिभेवर अशी बसली आहेत.

आणखी एक. थायलंडमध्ये मालिशीच्या विद्येचा आद्य गुरू म्हणून ज्यांना नमस्कार करतात, त्यांचं थाई नाव शिवागो कोमारपाज. हे म्हणजे आपले जीवक कोमारभच्च. मगधातल्या राजगृहाचे वैद्य. तक्षशिलेला शिकले, राजा बिंबिसारावर उपचार केले आणि खुद्द गौतम बुद्धांचे वैद्य म्हणून पाली ग्रंथांत त्यांच्या गोष्टी आहेत.

मग थाई मसाज भारतातून गेला, असं म्हणून टाळ्या वाजवायच्या का? थांबा जरा. पाली ग्रंथांतले जीवक औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात. त्यांची कीर्ती मालिशीसाठी नाही. ते सियामला गेल्याचा पुरावाही नाही. झालं असं असावं, की बौद्ध धर्माबरोबर वैद्यकाचे शब्द, पंचमहाभूतांसारख्या कल्पना आणि गुरूंची नावं समुद्रापार गेली. तिथे गावोगावची स्वतःची मालिश आधीपासून होतीच, शेजारच्या चिनी वैद्यकाचीही हवा होती. या सगळ्यांचं मिळून जे झालं, ते थाई. नावं आपली ओळखीची, पण हात त्यांचे.

दगडावर कोरलेलं ज्ञान

अयुथ्थया ही सियामची जुनी राजधानी. तिच्या दरबारी श्रेणींच्या यादीत मालिश करणाऱ्या वैद्यांचाही विभाग होता. म्हणजे ते नुसते नोकर नव्हते, दर्जा असलेले वैद्य होते. पण १७६७ साली ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथ्थया लुटलं, जाळलं. पोथ्या गेल्या. वैद्य पांगले. जे ज्ञान थोड्या घराण्यांत आणि थोड्या पोथ्यांत असतं, त्याचं असंच होतं. एक आग पुरते.

नवी राजधानी बँकॉकला झाली. तिथे वाट फो नावाचं मोठं देऊळ आहे. 'फो' म्हणजे बोधी, आपला पिंपळ. पहिल्या राम राजाने हे देऊळ नव्याने उभारताना राहिलेलं ज्ञान गोळा करायला सुरुवात केली. पण खरं मोठं काम केलं तिसऱ्या रामाने, १८३० च्या दशकात. त्याने ठरवलं की हे ज्ञान दगडावर कोरायचं आणि देवळाच्या भिंतींवर लावायचं. येईल त्याने वाचावं.

औषधं, आजार, साहित्य, इतिहास, सगळं त्यात आलं. आणि मालिशीसाठी ६० आकृत्या. माणसाच्या शरीराची पुढची आणि मागची बाजू, त्यावर रेषा आणि बिंदू, शेजारी कुठे दाबलं तर काय होतं ते. शिवाय आवारात ऋषींचे सुमारे ८० धातूचे पुतळे बसवले. 'रुसी दात तोन', म्हणजे स्वतःचं अंग ताणणारे ऋषी. कुणी पाय मानेकडे ओढतोय, कुणी स्वतःचाच खांदा दाबतोय. प्रत्येकाबरोबर कविता, त्यात कोणत्या दुखण्यावर कोणता ताण ते सांगितलेलं. त्यांतले आज थोडेच पुतळे उरलेत, पण बँकॉकला गेलात तर ते नक्की बघा.

वाट फोमधले १,४४० शिलालेख २०११ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदणीत गेले. आणि १९५५ पासून याच देवळात पारंपरिक वैद्यकाची शाळा चालते. आज जगभरातून लोक तिथे मसाज शिकायला येतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. त्या शिलालेखांत दुखणं, आखडणं, डोकं जड होणं, पोटातला वारा, असले विषय आहेत. "हे केलंत तर शर्यत जिंकाल" असलं काही नाही. अंग बिघडलंय, ते पुन्हा कामाला लावायचं, एवढाच हेतू.

घंटा वाजायच्या आधीचं रिंगण

मग ही मालिश खेळात कशी आली? ती कुठून आणावी लागली नाही. लढणारी पोरं गावातलीच होती. देवळाच्या जत्रेत लढती लागायच्या, हातांना सुती दोर गुंडाळून. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो ना, तसंच. वेळ मोजायला भोक पाडलेली नारळाची करवंटी पाण्यात सोडायचे, ती बुडाली की फेरी संपली, असं सांगतात. आपलं घटिकापात्रच की!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य बॉक्सिंग आलं आणि हळूहळू सगळं बदललं. दोरांच्या जागी ग्लोव्ह्ज आले, आखलेलं रिंगण आलं, पंच आले, घड्याळ आलं. आज नेहमीची लढत पाच फेऱ्यांची असते. तीन मिनिटं लढायचं, दोन मिनिटं थांबायचं. पाश्चात्त्य बॉक्सिंगमध्ये मधली विश्रांती एकच मिनिट असते. म्हणजे सुरुवातीला मी सांगितलेली ती दोन मिनिटांची मालिश, ती परातीतली धावपळ, हे प्राचीन वगैरे काही नाही. गावची जुनी मालिश आणि नव्या घड्याळाने दिलेली वेळ, यांच्या भेटीतून ती आली.

पण रिंगणातली दोन मिनिटं हा फक्त दिसणारा भाग. खरी मालिश होते तालमीत, म्हणजे मुए थाईच्या कॅम्पमध्ये. तिथला दिवस ऐका. पहाटे उठून कित्येक किलोमीटर धावायचं. मग दोरीउड्या, पॅडवर लाथा, जड बॅग, आणि 'क्लिंच', म्हणजे एकमेकांच्या मानेला धरून गुडघे मारायचा सराव. दुपारी झोप. संध्याकाळी पुन्हा तेच. दिवसातून दोनदा. यांतली बरीच पोरं ईसानची, म्हणजे ईशान्य थायलंडच्या गरीब भातशेतीच्या भागातली. त्यांच्या लढतीच्या पैशावर घर चालतं.

अशा ठिकाणी मालिश ही चैन नसते. ती दिनचर्येचा भाग असते. प्रशिक्षक पोराला चोळतो, पोरं एकमेकांना चोळतात. कोल्हापुरातल्या किंवा सांगलीतल्या तालमीत ज्यांनी दिवस काढलेत ते आता मान डोलावत असतील. आपल्या तालमीतही मेहनत झाली की पैलवान एकमेकांचं अंग रगडतात. आज तू मला, उद्या मी तुला. त्यात पैशाचा व्यवहार नसतो.

एक फरक मात्र आहे. देवळातल्या परंपरेची मालिश कोरडी, सावकाश, तास-दोन तासांची. बॉक्सरची मालिश तेलाची आणि झपाट्याची. लढतीच्या आधी पोराला चटईवर आडवं करून दोघं-दोघं जण त्याला 'नाम मान मुए' लावून जोरात रगडतात. नाम मान मुए म्हणजे बॉक्सिंगचं तेल. मुए थाईच्या कुठल्याही स्टेडियममध्ये पाऊल टाकलं की नाकात पहिला शिरतो तो याचाच वास. त्यात मुख्य असतं मेंथॉल आणि मिथाइल सॅलिसिलेट. हे दुसरं म्हणजे आपल्या गंधपुरा तेलातला घटक, दुखण्यावरच्या बाममध्ये असतो तो. आधी गार वाटतं, मग चुरचुरतं, मग ऊब येते.

या तालमींतून काय पोरं निघाली! १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सोमलक कामसिंगने बॉक्सिंगचं सुवर्णपदक जिंकलं. थायलंडचं ऑलिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. आणि गडी मुळात मुए थाईत वाढलेला.

मधली बदनामी

हा भाग टाळून पुढे गेलो तर ते खोटं ठरेल. 'थाई मसाज' म्हटल्यावर आपल्याकडे अजून लोक डोळे मिचकावतात. का? व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमध्ये अमेरिकेचे हवाई तळ होते, आणि अमेरिकन सैनिक सुट्टी घालवायला तिथे येत. त्यांच्यासाठी बार आणि 'मसाज पार्लर' उभे राहिले, त्यांपैकी अनेकांत मसाज हे नुसतं नाव होतं. १९६६ साली थायलंडने मनोरंजनाच्या जागांसाठी कायदा केला, त्यात मसाज पार्लरही आले. म्हणजे ज्या विद्येला दरबारात वैद्यकाचा दर्जा होता, ती नाइटक्लबच्या रांगेत जाऊन बसली.

तिथून परत यायला कित्येक वर्षं लागली. देवळातल्या शाळा, दृष्टिहीन मालिशकार, पारंपरिक वैद्यकासाठी झटणाऱ्या संस्था, आणि नंतर सरकारचं प्रशिक्षण आणि परवाने. २०१९ ची युनेस्कोची नोंद हे त्या परतीच्या वाटेवरचं एक मोठं स्टेशन होतं. पण दुसऱ्या बाजूने बाजार आलाच होता. बदनामी धुऊन काढायला त्याने विज्ञानाचे शब्द उचलले. डिटॉक्स. लॅक्टिक ॲसिड. परफॉर्मन्स. माझ्या त्या काउंटरवरचं वाक्य इथून आलं होतं.

मग विज्ञान काय म्हणतं?

चला, एकेक दावा घेऊ.

पहिला, लॅक्टिक ॲसिड. जोरात व्यायाम केला की रक्तात लॅक्टेट वाढतं हे खरं. पण तासाभरात ते आपोआप खाली येतं. शरीर ते इंधन म्हणून वापरून टाकतं. दुसऱ्या दिवशी जिन्यावर जे दुखतं, त्याचा लॅक्टेटशी संबंध नसतो. ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यानंतरच्या दाहाचं दुखणं असतं. २०१० साली कॅनडातल्या क्वीन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी तर दाखवलं की व्यायामानंतर लगेच केलेल्या मसाजमुळे त्या स्नायूतला रक्तप्रवाह दाबला गेला आणि लॅक्टेट बाहेर पडायला उलट अडथळाच झाला.

दुसरा, मग बरं का वाटतं? हा प्रयोग मला फार आवडतो. २०१२, कॅनडाचंच मॅकमास्टर विद्यापीठ. ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावली. मग प्रत्येकाच्या एका पायाला दहा मिनिटं मसाज केला, दुसऱ्याला नाही. आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. लॅक्टेट दोन्ही पायांत सारखंच. पण मसाज झालेल्या पायात दाहाचे संदेश कमी झालेले दिसले. म्हणजे हातांचा परिणाम थेट पेशींपर्यंत पोचत होता, फक्त जाहिरातीत सांगतात तो नाही. माणसं मात्र ११ च होती, हे विसरू नका.

तिसरा, टायमिंग. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी खेळाडूंच्या मसाजवरचे २९ अभ्यास एकत्र तपासले. सगळे मिळून १,०१२ लोक. निष्कर्ष? ताकद, उडी, धाव, दमसास, यांत सुधारणा झाल्याचा पुरावा नाही. अंगाची लवचीकता थोडी वाढते, आणि व्यायामानंतरचं दुखणं थोडं कमी होतं. बस, एवढंच.

हे सगळ्या प्रकारच्या मसाजबद्दल झालं. खास थाई मसाजवरही काम झालंय, पण ते थोडं आहे. २०१५ साली थायलंडमधल्या एका अभ्यासात ३४ पुरुष फुटबॉलपटू घेतले. काहींना थाई मसाज, बाकीच्यांना नुसता आराम. मसाज घेतलेल्यांच्या फिटनेस चाचण्या सुधारल्या. पण नुसता आराम केलेल्यांच्याही काही चाचण्या सुधारल्या! चाचणी दुसऱ्यांदा देताना माणूस थोडा सरावतो, ते एक. आणि दुसरं म्हणजे आपल्याला मसाज मिळालाय हे ज्याला मिळालाय त्याला माहीत असतंच. औषधाच्या प्रयोगात खोटी गोळी देता येते, खोटा मसाज कसा देणार?

आता हे सगळं इतिहासाशेजारी ठेवून बघा. दुखणं कमी, अंग थोडं मोकळं, झोप चांगली, आणि उद्या पुन्हा कामाला उभं राहता येणं. भातशेतीतला तो मालिशवाला हेच तर देत होता! त्याने कधी "तुझं टायमिंग सुधारेल" म्हटलं नव्हतं. प्रयोगशाळा फिरून फिरून त्याच्याच अंगणात येऊन पोचली.

आणि हे कमी समजू नका. दिवसातून दोनदा सराव करणाऱ्या खेळाडूसाठी, लागोपाठ तीन दिवस सामने असणाऱ्या कबड्डीपटूसाठी, उद्याचा सराव नीट होणं हीच खरी कमाई असते. वेग मालिशीतून येत नाही, सरावातून येतो. मालिश फार तर त्या सरावाला हजर राहायला मदत करते.

तुम्ही खेळत असाल तर

थोडं कामाचं बोलतो. सामन्याच्या अगदी आधी सावकाश, खोल दाबाचा, लांब ताणांचा मसाज नको. एकेक स्नायू मिनिटभराहून जास्त ताणून धरला तर काही वेळ त्याचा जोर थोडा कमी होतो. बॉक्सरला लढतीआधी झपाट्याने चोळतात, ते याच्याशी जुळतं. सावकाश मसाज सामन्यानंतर किंवा सुट्टीच्या दिवशी.

ताजी दुखापत, सूज, मुरगळा, फाटलेला स्नायू असेल तर तिथे दाब नको. आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट. थाई मसाजमध्ये 'वाऱ्याचं दार उघडणं' नावाचा एक प्रकार आहे. जांघेतली मोठी धमनी काही क्षण दाबून धरायची आणि मग सोडायची, पायात एकदम ऊब उतरते. ऐकायला भारी वाटतं, पण रक्तदाब, हृदयाचा त्रास किंवा रक्ताच्या गाठी असतील तर हा खेळ नाही. मालिश करणाऱ्याला आधीच सांगा.

आणि ते वासाचं तेल. गंधपुराचा घटक कातडीतून रक्तात जातो. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये १७ वर्षांच्या एका धावपटू मुलीचा मृत्यू झाला, आणि कारण निघालं स्नायूंसाठीच्या क्रीममधून अंगात साठलेलं मिथाइल सॅलिसिलेट. बाम जास्त लावला म्हणून जास्त फायदा होत नाही, मंडळी.

उभं कोण करतं?

आता शेवटचा प्रश्न, जो मी सुरुवातीला राखून ठेवला होता.

नोव्हेंबर २०१८ मध्ये बँकॉकजवळ एका लढतीत १३ वर्षांचा मुलगा डोक्याला मार लागून कोसळला. मेंदूत रक्तस्राव. दोन दिवसांनी तो गेला. तो आठव्या वर्षापासून लढत होता आणि तोवर १७० च्या आसपास लढती झाल्या होत्या, असं बातम्यांत आलं. घरच्यांना हातभार म्हणून लढायचा. त्यानंतर लहान मुलांच्या लढतींवर थायलंडमध्ये मोठी चर्चा झाली. हेल्मेटशिवाय लढावं का, १२ वर्षांखालच्यांवर बंदी घालावी का. एक बाजू म्हणाली, हे थांबवा. दुसरी म्हणाली, हीच आमची परंपरा आणि हीच आमच्या पोरांची कमाई.

मी तेव्हापासून त्या दोन मिनिटांकडे वेगळ्या नजरेने बघतो. कोपऱ्यातली माणसं मायेनेच चोळत असतात, यात शंका नाही. त्यांच्या हातांमुळे आखडलेली मांडी सुटते, धाप थोडी बसते, पोराला वाटतं, आपण एकटे नाही. पण ते हात मांडीपर्यंत पोचतात, मेंदूपर्यंत नाही. मालिश माणसाला उभं करू शकते. त्याने उभं राहावं की नाही, हे तिला सांगता येत नाही. ते कोपऱ्यातल्या माणसाला ठरवावं लागतं. शेतातल्या मालिशवाल्यालाही कधीतरी म्हणावं लागलं असेलच, "उद्या शेतात जाऊ नकोस, पड घरी."

आपल्याकडेही हे काही लांबचं नाही. गुडघा दुखत असताना बाम चोळून, पट्टी बांधून मैदानात उतरवलेली पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. आपल्यातल्या काहींनी ते स्वतः केलंय. मीही केलंय. दुखणं कमी झालं म्हणजे दुखापत बरी झाली असं नसतं.

म्हणून माझा साधा हिशेब असा. मालिश घ्या, मस्त घ्या. झोपेसाठी घ्या, मोकळं वाटावं म्हणून घ्या. संघातल्या मित्राची पाठ दाबून द्या, त्याच्याकडून आपली दाबून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. पण काउंटरवर कुणी वेग विकायला लागलं, तर हसून नको म्हणा. आणि अंग "आज नको" म्हणत असेल, तर त्यावर तेल चोळून त्याचा आवाज बंद करू नका.

मी? मी अजून महिन्यातून एकदा जातो. परवा काउंटरवर पुन्हा लॅक्टिक ॲसिड निघालं. मी म्हटलं, "ते राहू द्या, फक्त पोटऱ्या नीट दाबा." आत ज्या ताई मालिश करायला आल्या, त्या हे ऐकून खुदकन हसल्या. आणि पोटऱ्या त्यांनी इतक्या नीट दाबल्या की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना एकही देव आठवला नाही.

तुमच्या तालमीत, संघात, गावात अशी मालिशीची काय पद्धत आहे, ते नक्की कळवा. हा भाग आवडला असेल तर खेळणाऱ्या एखाद्या मित्राला, मैत्रिणीला पाठवा. आणि तो दुखापत अंगावर काढत असेल तर आधी पाठवा! भेटू पुढच्या भागात. तोवर खेळत राहा, आणि वेळेवर झोपा. नमस्कार!